मद्यार्कातील पाणी आणि तालुक्यातील पाणी

(कर्जत येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



मद्यार्कातून पाणी कसे वेगळे करतात हा विषय अभ्यासवर्गाच्या पत्रिकेवर पाहून अनेकांना आश्चर्य वाटले असेल. आपल्या चळवळीत मद्याविषयी बोलायचे म्हणजे दारूबंदीविषयी बोलायचे, असा परिपाठ आहे. आणि ज्या वस्त्यांत गुत्त्याने संसार बुडवले त्या वस्त्यांत काम करणाऱ्यांना तो परिपाठ चुकीचा वाटण्याचे कारणही नाही. परंतु आजच्या चर्चेतला मद्यार्क पिण्याचा नाही. तो मोटारसायकलीच्या टाकीत जातो. पंपावर पाच लिटर पेट्रोल घेणाऱ्याच्या टाकीत त्यातला सुमारे एक लिटर मद्यार्क असतो, आणि त्या मद्यार्कात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. हे पाणी काढण्याची विद्या साधली म्हणून ऊस हे इंधनाचे पीक झाले, एके काळी ओतून द्यावी लागणारी मळी मोलाची झाली आणि साखर कारखान्यांच्या हिशेबाची वही बदलली. ज्या तालुक्यात उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्यातील कार्यकर्त्याने ही विद्या आणि ही वही, दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत.

प्रथम विद्येचा विचार करू. मळी किंवा उसाचा रस यीस्ट घालून आंबवला म्हणजे त्यातील साखरेचा मद्यार्क होतो. परंतु तो आंबवण फार पातळ असतो, शंभर भागांत आठ-दहा भाग मद्यार्क आणि बाकी बहुतेक पाणी. शुद्ध मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसच्या थोडा वर उकळतो, पाणी १०० अंशांना. तेव्हा मिश्रण तापवावे, आधी वर येणारी वाफ गोळा करून थंड करावी, म्हणजे मद्यार्क वेगळा होईल, हा ऊर्ध्वपातनाचा साधा तर्क आहे. गावठी भट्टी लावणाराही हेच करतो. कारखान्यात उंच मनोरे असतात आणि त्यांत हीच क्रिया थराथराने अनेकदा घडते, एवढाच फरक. या मार्गाने मद्यार्काचे प्रमाण वाढत वाढत वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंत जाते. तेथे मात्र मनोरा कितीही उंच करा, कोळसा कितीही जाळा, पुढे पाऊल पडत नाही. कारण या प्रमाणाचे मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध मद्यार्काहूनही किंचित खालच्या अंशाला उकळते, आणि त्याच्या वाफेतही पाणी व मद्यार्क त्याच प्रमाणात असतात. जसे खाली, तसे वर. मग वेगळे काय करायचे? आपल्याकडील डिस्टिलऱ्यांत वर्षानुवर्षे तयार होणारे रेक्टिफाइड स्पिरिट या मर्यादेच्या आसपासच थांबत आले, आकारमानाने ९४.६८ टक्के हे त्याचे रूढ मानक आहे.

उरलेले चार-पाच टक्के पाणी काढण्यासाठी उष्णता पुरत नाही. मद्यार्कापेक्षा पाण्याची ओढ अधिक असलेला तिसरा पदार्थ लागतो. १७९६ मध्ये रशियात काम करणारा रसायनज्ञ योहान टोबियास लोविट्झ याने मद्यार्कात निर्जल क्षार घालून व मंद आचेवर पुन्हा ऊर्ध्वपातन करून जवळजवळ निर्जल मद्यार्क मिळवला. कळीचा चुना घालण्याची प्रयोगशाळेतील जुनी रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे: चुना पाणी पितो, मद्यार्काला हात लावत नाही. १९०२ मध्ये इंग्रज रसायनज्ञ सिडनी यंग याने बेंझीनचा उपयोग दाखवला. बेंझीन मिसळले की तिघांच्या मिश्रणाची वाफ पाणी ओढून वर नेते आणि कोरडा मद्यार्क मनोऱ्याच्या तळाशी उरतो. विसाव्या शतकात दीर्घकाळ ही रीत उद्योगात चालली. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे पुढे सिद्ध झाले, तेव्हा त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आले. परंतु जेथे बेंझीन चालू होते तेथे त्या मनोऱ्याशी उभे राहून काम करणाऱ्या कामगाराच्या रक्ताची तपासणी किती ठिकाणी झाली, हा प्रश्न कामगार चळवळीने विचारायचा राहून गेला. येथे एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने वस्तीत आवर्जून सांगावी. ‘शुद्ध’ हा शब्द ऐकून हा मद्यार्क प्यायला चांगला असेल, असा समज कोणी करून घेऊ नये. तो पिण्याजोगा राहू नये म्हणून इंधनाच्या मद्यार्कात मुद्दाम घातक द्रव्ये मिसळली जातात.

आज बहुतेक कारखान्यांत पाणी काढतात ते खड्यांनी. झिओलाइट नावाच्या खनिजाचे हे खडे असतात, आणि या खनिजाशी आपल्या मातीचे जुने नाते आहे. कर्जतच्या विहिरी ज्या काळ्या पाषाणात खणल्या जातात त्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक सापडतात. पुणे-नाशिककडील खाणींतील असे स्फटिक जगातील संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. त्यांतील पुष्कळसे झिओलाइट गटातले. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट याने असा एक दगड तापवला तेव्हा तो उकळू लागल्यासारखा दिसला. दगडाच्या पोटातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून त्याला ‘उकळता दगड’ अशा अर्थाचे नाव दिले. या दगडाच्या अंतरंगात अतिसूक्ष्म, एकाच मापाची छिद्रे असतात. त्याचे कृत्रिम प्रकार १९४९ च्या सुमारास युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट मिल्टन या शास्त्रज्ञाने घडवले. हीच ती कंपनी, जिच्या भोपाळ येथील कारखान्यातून डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायू सुटून हजारो माणसे मेली. विद्या निर्माण करणारी बुद्धी आणि ती वापरणारे भांडवल यांचा विवेक एकच असतो असे नाही, हे येथे नोंदवून पुढे जाऊ.

कारखान्यात वापरतात त्या खड्यांची छिद्रे तीन ॲंगस्ट्रॉमची असतात. एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाण्याचा रेणू सुमारे २.८ ॲंगस्ट्रॉमचा, तो छिद्रात शिरतो. मद्यार्काचा रेणू चारहून अधिक ॲंगस्ट्रॉमचा, तो बाहेरच राहतो. रेक्टिफाइड स्पिरिटची तापवलेली वाफ दाबाखाली या खड्यांच्या टाकीतून सोडली की पाणी खड्यांत अडकते आणि पलीकडे साडेनव्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्ध मद्यार्क निघतो. टाक्या दोन असतात. एक पाणी शोषत असते तेव्हा दुसरीतील दाब काढून घेऊन, थोडी कोरडी वाफ उलट फिरवून, तिचे खडे सुकवले जातात. काही मिनिटांनी पाळी बदलते. खडे झिजेपर्यंत हे रात्रंदिवस चालते, आणि बेंझीनच्या रीतीपेक्षा यात वाफही कमी खर्ची पडते. तंत्र म्हणून ते सुंदर आहे, याविषयी वाद नाही.

एवढे कष्ट कशासाठी? तर पेट्रोलसाठी. पेट्रोल आणि कोरडा मद्यार्क एकमेकांत मिसळतात. परंतु पाणी शिरले की मद्यार्क पेट्रोलची संगत सोडून पाण्याकडे जातो आणि दोघे मिळून टाकीच्या तळाशी बसतात. मग गाडी तळातले पाणी ओढते आणि वाटेत बंद पडते. पिण्याच्या दारूला, औषधांना, रसायनांना पंचाण्णव टक्क्यांचे स्पिरिट पुरत होते. इंधनाला पुरत नाही. त्यामुळे शेवटच्या पाच टक्के पाण्याचा प्रश्न हा रसायनशास्त्राच्या पुस्तकातून निघून थेट राज्यकारभारात आला.

हा प्रवेश आजचा नाही. स्वातंत्र्य मिळताच १९४८ मध्ये पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याविषयीचा इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट झाला होता. त्याचा फारसा अंमल न होता तो २००० मध्ये रद्द झाला, आणि गंमत अशी की रद्द झाल्यानंतर वर्षभरातच तोच विचार नव्या नावाने परत आला. २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी पाच टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प घेण्यात आले. त्यांतील दोन, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रातले होते. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ही योजना लागू झाली. पंधरा वर्षे ती रखडत चालली. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने केवळ टाकाऊ मळीच नव्हे, तर साखर अर्धवट काढलेली मळी आणि थेट उसाचा रसदेखील मद्यार्कासाठी वापरण्यास वाव दिला, त्यासाठी वेगवेगळे भाव बांधून दिले, कर्जावरील व्याजात सवलत दिली. आणि कारखान्यांच्या आवारात निर्जलीकरणाचे संच झपाट्याने उभे राहिले. २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले.

या घडामोडींत अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचे स्थान काय, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर ही खाजगी साखर कारखानदारीची जुनी ठाणी याच जिल्ह्यातली. ज्यांच्या जमिनी या कंपन्यांनी खंडाने घेतल्या त्या खंडकरी शेतकऱ्यांनी आपलीच जमीन परत मिळावी म्हणून पिढ्यान् पिढ्या लढा दिला. तो या जिल्ह्यातील लाल निशाणाच्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांच्या घामाचा इतिहास आहे. याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना उभा केला, आणि साखर ज्याने पिकवली त्याच्याच हाती तिचा नफा राहावा हे तत्त्व प्रत्यक्षात येऊ शकते हे दाखवून दिले. पुढे सहकाराचे काय झाले, हे कर्जतकरांना दूर जाऊन पाहावे लागत नाही. राशीनच्या परिसरात जगदंबेच्या नावाने उभा राहिलेला सहकारी कारखाना विकला गेला आणि खाजगी मालकीचा झाला. भागभांडवल शेतकऱ्याचे, ऊस शेतकऱ्याचा, पाणी तालुक्याचे. मालक मात्र निराळा. महाराष्ट्रात अशी विक्री झालेले हे एकच उदाहरण नाही.

आता वहीकडे वळू. एक टन ऊस गाळला आणि त्याची साखर पूर्ण काढून घेतली तर शेवटी उरलेल्या मळीपासून, जिला कारखान्यात सी-हेवी म्हणतात, दहा-अकरा लिटर मद्यार्क निघतो. साखरेचा शेवटचा हात न काढता मळी वेगळी केली, म्हणजे बी-हेवी, तर वीस लिटरांच्या आसपास निघतो आणि साखर त्या मानाने कमी येते. साखर न करता रसच आंबवला तर टनाला सुमारे ७० लिटर. २०२३-२४ च्या हंगामात रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारी भाव लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. म्हणजे एका टनाचे सुमारे ४,५९० रुपये. त्याच हंगामात उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,१५० रुपये होती, आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेले शेतकऱ्याच्या खात्यावर पडत होते. ऊसतोड कामगाराला जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ मिळाली, तेव्हा कुठे तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. ७० लिटरांनी भागले तर लिटरमागे सव्वापाच रुपये. पाथर्डी, जामखेड, आष्टी, पाटोद्याकडून कोयता घेऊन निघालेल्या नवराबायको दोघांनी मिळून, पहाटेच्या थंडीत, पाचटाच्या धारेवर, मुलाबाळांना बांधावर ठेवून मिळवलेली ही रक्कम आहे, आणि मुकादमाची उचल तिच्यातूनच फिटायची असते.

भाव आणि एफआरपी यांच्या मधली सर्व रक्कम नफा असते, असा हिशेब कोणी मांडू नये. वाफ, वीज, कामगारांचे वेतन, यंत्रांवरील कर्ज हे खरे खर्च आहेत, आणि विरोधकाने खोटे आकडे मांडले की कारखानदाराचे काम सोपे होते. मुद्दा वेगळा आहे. हा अधिक पैसा वाटून घेण्याचा नियम कोणी आणि कसा केला, हा तो मुद्दा. १९७४ मध्ये भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून ऊस नियंत्रण आदेशात ५-अ हे कलम घालण्यात आले होते. हंगामाअखेर कारखान्याला होणाऱ्या जादा उत्पन्नात ऊस उत्पादकाचा वाटा त्या कलमाने मान्य केला होता. २००९ मध्ये एफआरपी आली आणि ते कलम गेले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा करून साखर आणि प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के ऊस उत्पादकाला, असे सूत्र स्वीकारले. ‘प्राथमिक’ हा शब्द येथे नीट वाचला पाहिजे. प्राथमिक उपपदार्थ म्हणजे मळी, बगॅस, प्रेसमड. मळी आंबवली, तिचे स्पिरिट केले, स्पिरिटमधले पाणी काढले आणि ते तेल कंपन्यांना विकले, तर ते मूल्य सूत्राच्या बाहेर पडते. शेतकऱ्याच्या हिशेबात येतो तो केवळ मळीचा भाव. आणि मळी जेव्हा त्याच कारखान्याच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, तेव्हा तो भाव लिहिणारा हातही त्याच कारखान्याचा असतो. ज्या टप्प्यावर मूल्य सर्वाधिक वाढते, नेमक्या त्याच टप्प्याच्या अलीकडे शेतकऱ्याचा हक्क संपवण्यात आला आहे. शिवाय बी-हेवी मळी काढल्याने साखरेचा उतारा घटतो, आणि एफआरपी तर उताऱ्यावर ठरते. ही घट तज्ज्ञ संस्थेकडून प्रमाणित करून उताऱ्यात मिळवायची अशी पद्धत आहे; परंतु ते प्रमाणपत्र पाहिलेला सभासद गावात विचारून शोधावा लागेल.

इथेनॉलच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. साखरेचे भाव पडले की कारखाने उसाची बिले महिनोन् महिने थकवत. कायद्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यायचे, हे कागदावरच राही. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे सुमारे तीन आठवड्यांत मिळतात आणि त्यामुळे बिले लवकर निघू लागली, हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांचा आहे. परदेशी तेलावरचा खर्चही तेवढा वाचतो. तथापि हा आधार किती डळमळीत आहे हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसून आले. पाऊस कमी झाला, साखर महागण्याची चिन्हे दिसली, निवडणुका जवळ आल्या. आणि ७ डिसेंबरला केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवड्याभरात तीत अंशतः सूट देण्यात आली, आणि निर्बंध पुढे २०२४-२५ च्या हंगामासाठी उठले. ज्यांनी कर्ज काढून संच उभे केले त्यांचे नुकसान झाले तेव्हा वृत्तपत्रांनी रकाने भरले. ज्यांनी त्या भरवशावर उसाची लागण केली होती त्यांच्यासाठी एवढे रकाने कोणी भरले नाहीत. दरम्यान मका आणि तांदूळ यांच्यापासूनचे इथेनॉल उसाच्या पुढे गेले आहे. २०२५ मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामातील तांदूळ २,२५० रुपये क्विंटलने डिस्टिलऱ्यांना देण्यात आला. गरिबांच्या ताटासाठी साठवलेले धान्य गाडीच्या टाकीत घालण्याचा हा निर्णय स्वतंत्र अभ्यासवर्गाचा विषय आहे, तो येथे सोडू.

कर्जतचा मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. दक्षिणेला भीमा आणि उजनीचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला सीना, आणि मध्ये कुकडीच्या कालव्याचे शेपूट. कागदावर पाहिले तर तालुका पाण्याने वेढलेला दिसतो. प्रत्यक्षात वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. आणि कुकडीचे आवर्तन शेवटच्या गावांपर्यंत पोहोचण्याआधीच वरच्या भागात संपून जाते, ही दरवर्षीची तक्रार. रब्बी ज्वारी आणि तूर ही येथली मूळ पिके. १९७२ च्या दुष्काळात या भागातील बायामाणसांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात रुजली ती अशाच तालुक्यांच्या कष्टावर. त्या तलावांनी पुढे विहिरींना पाणी दिले. आणि ते पाणी हळूहळू उसाकडे गेले.

नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच एक आकडा आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हा आकडा कोणा चळवळीचा नाही, सरकारच्याच विचारमंडळाचा आहे. त्यावर साधा गुणाकार करावा. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. दोन टनांचे १४० लिटर इथेनॉल धरले तर त्यामागे चार लाख लिटर पाणी उभे आहे. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर चाळीस टँकर. टंचाईच्या दिवसांत ज्या वाडीला दिवसाआड एक टँकर मिळतो, त्या वाडीने हा गुणाकार करून पाहावा. शंभर लिटर स्पिरिटमधून पाच लिटर पाणी काढण्यासाठी मनोरे, खडे, निर्वात पंप आणि अभियंत्यांची फौज राबते; आणि त्याच शंभर लिटरांसाठी जमिनीतून पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी उपसले गेले, त्याची नोंद कोणत्याच खात्यात नसते.

यावर कारखान्यांचे उत्तर ठरलेले असते: उसातच सत्तर टक्के पाणी असते, ते वाफेतून परत मिळवून कारखाना चालतो, बाहेरचे पाणी फारसे घ्यावे लागत नाही. तांत्रिकदृष्ट्या या उत्तरात खरेपणा आहे आणि चांगल्या कारखान्यांनी तसे करूनही दाखवले आहे. परंतु उसातले ते पाणी आकाशातून थेट उसात उतरलेले नसते. ते कोणाच्या तरी विहिरीतून, कोणाच्या तरी शेजारच्या बोअरचे पाणी खाली नेऊन, उसात आलेले असते. ज्वारीवाल्याची विहीर आटली म्हणून कारखाना त्याला काही देणे लागत नाही. महाराष्ट्रात ऊस फारच थोड्या क्षेत्रावर आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा तो घेतो, ही गोष्ट अनेक अहवालांत वारंवार नोंदली गेली आहे. तिच्यावर निर्णय मात्र एकही झाला नाही, कारण निर्णय घेणारे आणि कारखान्याच्या संचालक मंडळात बसणारे पुष्कळदा तेच असतात.

मागे राहणाऱ्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. गडद तपकिरी, आम्ल, आणि कुजण्यासाठी इतका प्राणवायू ओढणारा की ओढ्यात सुटला तर त्यातले मासे तग धरत नाहीत. नियमाप्रमाणे त्यापासून गॅस करायचा, तो आटवायचा, जाळायचा किंवा प्रेसमडबरोबर खत करायचे, आवाराबाहेर थेंबही सोडायचा नाही. ज्या गावात पावसाळ्याच्या पहिल्या रात्री ओढा तांबडा वाहतो आणि सकाळी विहिरीला वास येतो, तेथे नियम आणि आचरण यांत किती अंतर आहे हे गावकऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. त्यांचे नाव आता जिल्ह्याला मिळाले. त्या राणीने देशभर बारवा आणि विहिरी बांधल्या त्या वाटसरूला, गुराढोरांना पाणी मिळावे म्हणून. नामांतराच्या समारंभात याची आठवण निघाली की नाही, कोण जाणे.

तर प्रत्यक्ष काम काय करायचे? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार डिस्टिलरीला परवानगी देण्याआधी जनसुनावणी होत असे. गावकऱ्याला उभे राहून पाण्याचा प्रश्न विचारण्याचे ते एकमेव अधिकृत ठिकाण होते. इंधनासाठीच इथेनॉल काढणाऱ्या विस्तार प्रकल्पांना २०२१ मध्ये केंद्राने ज्या वर्गात टाकले, त्यात ही सुनावणी लागत नाही. ती परत मिळावी ही मागणी तालुक्याच्या मेळाव्यात ठरावाने केली पाहिजे. दुसरी मागणी २०१३ च्या कायद्यातील ‘प्राथमिक’ या शब्दाविषयी: इथेनॉलचे मूल्य त्या सूत्रात आले पाहिजे, आणि ऊसतोड कामगाराचा दरही त्या मूल्याशी जोडला गेला पाहिजे. ऊस उत्पादक आणि ऊसतोड कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव दर हंगामात टाकला जातो. वाट्याचा हिशेब दोघांनी एका बैठकीत मांडला तर तो डाव चालणार नाही.

तिसरे काम ठरावाचे नाही, अर्जाचे आहे. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाचव्या नमुन्यातील पर्यावरण विवरण द्यायचे असते. त्यात प्रक्रियेला, थंड करण्याला आणि वसाहतीला रोज किती घनमीटर पाणी वापरले, याचा रकाना आहे. माहितीच्या अधिकारात ते विवरण मागता येते. मागील पाच वर्षांची विवरणे मागवावीत, त्यांच्या शेजारी त्याच महिन्यांतले तालुक्यातील टँकरच्या फेऱ्यांचे तहसील कार्यालयातील आकडे लिहावेत, आणि हे दोन रकाने मोठ्या अक्षरांत रंगवून बाजाराच्या दिवशी राशीन, मिरजगाव आणि कर्जत येथे लावावेत.